'अपात्र' हा शब्द तपासण्याची विद्या
(अमरावती येथे वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



वार्ताहराची विद्या महाविद्यालयात शिकता येते काय, असे जुने संपादक विचारीत. ब्रिजलाल बियाणी यांनी अकोल्यात 'मातृभूमि' चालविले, त्या काळी वार्ताहराची शाळा म्हणजे छापखाना आणि चळवळ. पुढे 1952 साली नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात या विषयाचा विभाग निघाला. 1983 साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्रही येथे आले. तेव्हा तो वाद संपला. काय शिकावे, हा प्रश्न मात्र उरला आहे.

एकच उदाहरण घेतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की महसूल खात्याची चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविते. 2006 सालच्या निर्णयाने ठरलेल्या कसोट्या अशा: नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज, आणि वसुलीचा तगादा. पात्र ठरल्यास 1 लाख रुपयांचे साहाय्य. परंतु बिनपरवाना सावकाराचे वा सोयऱ्याचे कर्ज या चौकटीत बसत नाही. दुसऱ्याचे वावर बटईने करणारा तर कागदोपत्री शेतकरीच नसतो. मग त्याच्या विधवेच्या पदरी 'अपात्र' हा एक शब्द पडतो, आणि वृत्तपत्रेही तोच शब्द आकड्यांसह छापून मोकळी होतात.

हा शब्द तपासून पाहणे, हे माझ्या मते वऱ्हाडातील वार्ताहराचे पहिले काम आहे. त्यासाठी सातबारा वाचता आला पाहिजे. पीककर्जाचा खातेउतारा समजला पाहिजे. पैसेवारी 50 पैशांच्या वर गेली की गावाच्या सवलती कशा हुकतात, हे कळले पाहिजे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये चौकशी अहवालाची नक्कल मागता आली पाहिजे. आणि त्या बाईच्या ओसरीवर बसून तिची वऱ्हाडी, मेळघाटात गेल्यास कोरकू, ऐकून घेण्याइतका धीर पाहिजे. बातमीचा मथळा कसा करावा, हे त्यानंतर शिकले तरी चालेल.

यात एक अडचण आहे, ती लपवीत नाही. पदविका घेऊन तुम्ही तालुक्याला जाल, तेव्हा पुष्कळदा मानधन नाममात्र असेल आणि जाहिराती आणण्याचे काम गळ्यात पडेल. ज्या बाजार समितीची जाहिरात मागावयाची, तिच्या मापातील खोट छापावयाची कशी? हा प्रश्न एकट्या वार्ताहराच्या सचोटीवर सोडून देता येणार नाही. वार्ताहरांनी संघटित होऊन पुरेसे वेतन मागितले पाहिजे.

येथे जमलेल्या कार्यकर्त्यांनाही माझे सांगणे आहे. आपल्या सभेचे वृत्त छापून यावे एवढ्यासाठीच वार्ताहराकडे जाऊ नका. त्याने बाजार समितीविरुद्ध लिहिले आणि त्याच्यावर दडपण आले, त्या दिवशी त्याच्या दारी जा.