पट्ट्याआधी फडके

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘शाळेचा कराटे वर्ग : एक परंपरा’. परंपरा हा शब्द वाचून मी जरा संकोचले. साठ वर्षांच्या शाळेत आपला वर्ग हे धाकटे भावंड. त्यातून ज्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासून उभे आहे, त्या गावात आपण परंपरेच्या गोष्टी करणे धार्ष्ट्याचेच. पण विषय बदलून मागण्याचे धाडस झाले नाही. तेव्हा परंपरेबद्दल कमी आणि वर्गाबद्दल अधिक बोलेन.

आमच्या खेळाच्या सरांनी हा वर्ग सुरू केला. सर मूळचे मल्लखांबाचे. लेझीम आणि लाठी हे त्यांचे प्रेमाचे विषय. पण त्या काळी मुलांच्या वह्यांवर ब्रूस लीची चित्रे असत आणि मुले मल्लखांबाकडे पाठ फिरवू लागली होती. सरांनी मुलांवर राग धरला नाही. सुटीत मुंबईला शिबिरे करून, चाळिशीत पांढरा पट्टा बांधून ते स्वतः शिकू लागले. (ब्रूस ली कराटेचा नव्हे, कुंग फूचा, हे आम्हांला फार नंतर कळले. सरांना ठाऊक होते. त्यांनी सांगितले नाही.) सुरुवातीच्या तुकडीत आम्ही तीन मुली होतो. त्यांतली मी एक.

ज्यांनी वर्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला खालच्या मजल्यावरचे सभागृह उघडते. चपला दाराबाहेर, टाचा भिंतीकडे, ओळीत. आत आल्यावर पहिले काम झाडू आणि दुसरे काम ओले फडके. जपानी दोजोत, म्हणजे त्यांच्या तालमीत, फडके दोन्ही तळव्यांखाली दाबून, कंबर वर उचलून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पळत जमीन पुसण्याची पद्धत आहे. आपणही तीच ठेवली आहे. पट्टा कोणत्याही रंगाचा असो, फडके सर्वांना. काळ्या पट्ट्याच्या मुलांकडे कोपरे असतात, कारण कचरा तिथेच साठतो आणि नव्या मुलांना तो दिसत नाही.

एका पालकांनी मला एकदा विचारले होते, “ताई, शाळेला शिपाई नाहीत का? आम्ही फी कराटेची देतो.” प्रश्न चुकीचा नव्हता. मी तेव्हा काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करते. त्यासाठी थोडा वेळ ओकिनावाला जावे लागेल.

कराटेचा जन्म जपानच्या दक्षिणेकडील या बेटांवर झाला. पूर्वी तिथे ही विद्या एक गुरू आणि एक-दोन शिष्य अशी, घराच्या मागच्या अंगणात, गाजावाजा न करता दिली जाई. तिला शाळेत आणले ते शुरी गावच्या इतोसु आंको यांनी, १९०१ मध्ये. लहान मुलांना झेपतील असे ‘पिनान’ नावाचे पाच काता त्यांनी बसवले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. आपल्याकडे गदका-फरीचे हात असतात तसे काहीसे. पुढे १९०८ मध्ये शिक्षणाधिकाऱ्यांसाठी त्यांनी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. त्यात गवत गुंडाळलेल्या लाकडी फळीवर, म्हणजे माकिवारावर, रोज शे-दोनशे ठोसे मारण्याचा उपदेश आहे, आणि अध्यापक विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या शिक्षकांनी ही विद्या प्राथमिक शाळांत न्यावी अशी योजनाही आहे. अंगणातल्या दोघांची विद्या शाळेच्या मैदानावरच्या रांगांची झाली ती अशी.

हे वाचले तेव्हा मला आपल्या गावचे राजरत्न माणिकराव आठवले. वस्ताद जुम्मादादांचे हे शिष्य. आखाड्यात एकेकट्याने करायची मेहनत शेकडो मुलांना एका आज्ञेवर करता यावी म्हणून त्यांनी संघव्यायाम आखला, त्याच्या आज्ञाही आपल्या भाषेत बसवल्या. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि संस्थेवर नाव गुरूचे. इतोसुंना माणिकराव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दोघांपुढचा पेच एकच होता. विद्या रांगेत आणली की ती पुष्कळांपर्यंत पोहोचते. मात्र अंगणात गुरूची नजर प्रत्येक हालचालीवर असे, ती पातळ होते. मग त्या नजरेची जागा कोण घेणार?

इतोसुंच्या शिष्यांत फुनाकोशी गिचिन नावाचे एक प्राथमिक शिक्षक होते. १९२२ मध्ये ते कराटेचे प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. पन्नाशी उलटलेली, हाती पैसा नाही. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात त्यांना लहानशी खोली मिळाली. दिवसा ते तिथे झाडलोट करीत, बागेची निगा राखीत, आणि तिथल्याच सभागृहात कराटे शिकवीत. त्यांना भेटायला आलेल्या एका वार्ताहराने समोरच्या झाडूवाल्यालाच त्यांचा पत्ता विचारला, असा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे.

त्या पालकांना द्यायचे उत्तर मला इथे सापडते. ज्या फरशीवर आपला जोडीदार अनवाणी उभा राहणार आहे, पडणार आहे, ती आपण तळहाताने तपासलेली असते. टाचणी, काचेचा कपचा, सांडलेले पाणी, सगळे हाताला लागते. रांगेत गुरूची नजर पुरत नाही म्हणून प्रत्येकाने दुसऱ्यासाठी बघायचे असते, आणि त्याचा पहिला धडा ठोशाचा नाही, फडक्याचा आहे. सराव सुरू करण्यापूर्वी जोडीदारापुढे वाकून ‘ओनेगाई शिमासु’ म्हणतात, म्हणजे आपली कृपा असू द्या. ज्याला ठोसा मारायचा त्याच्याकडेच ही विनंती. त्याने आपले शरीर विश्वासाने पुढे केल्याशिवाय आपण काहीच शिकू शकत नाही.

रांगेबद्दल आणखी थोडे. उजव्या टोकाला सर्वांत जुना विद्यार्थी, डाव्या टोकाला सर्वांत नवा. जपानीत मोठ्याला सेंपाई म्हणतात. आपली मुले दादा-ताई म्हणतात, आणि मी ते बदलायला गेले नाही. आकडे मात्र जपानीच. इची, नी, सान... आणि चौथा आकडा ‘शी’. नव्या तुकडीत चारावर आले की हशा पिकणारच! चाराला ‘योन’ असाही शब्द आहे, तो वापरून पाहावा असे सरांच्या मनात आले होते. मग म्हणाले, “राहू दे. हसून झाले की पाच नीट मारतात.” नवरात्रात वर्ग निम्मा रिकामा असतो. मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळलेली मुले सहाला कशी उठणार? तरी चार-पाच जण डोळे चोळत येतात, आणि त्या दिवशी फरशी त्यांनाच पुसावी लागते. उत्तरायणाला तर मीही येत नाही.

आता ज्यासाठी मी बोलायला उभी राहिले ते सांगते.

सरांनंतर वर्ग माझ्याकडे आला. काही वर्षांनी जवळपास दुसरे एक शिकवणीकेंद्र निघाले. तिथे दोन वर्षांत काळा पट्टा मिळे. आपल्याकडे सहा-सात वर्षे लागत. मुले कमी होऊ लागली. एक वेळ अशी आली की पुसायला फडकी होती आणि हात नव्हते. त्या वर्षी एका मुलाच्या वडिलांनी आग्रह धरला, की याच परीक्षेत त्याला तपकिरी पट्टा मिळावा, नाहीतर तो तिकडे जाईल. मुलगा चांगला होता. पण त्याचा काता कच्चा होता; वळताना मागच्या पायावर तोल राहत नसे. मला ते दिसत होते. तरीही मी पट्टा दिला. टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले.

पुढच्या सोमवारी तो आला तो जुनाच, हिरवा पट्टा बांधून. मी विचारले, “नवा कुठे आहे?” तो म्हणाला, “घरी आहे, ताई. वळणे बसले की बांधतो.” मी त्याला वळणे शिकवायला हवे होते. त्याऐवजी, इतर पालकांना काय वाटेल या विचाराने, नवाच पट्टा बांधून ये असे सांगितले. आठवडाभर तो नवा पट्टा बांधून आला, रांगेत दोन जागा वर उभा राहिला आणि कोणाकडे बघेनासा झाला. मग येणे थांबले. तो तिकडेही गेला नाही. त्याने कराटेच सोडले. त्या मुलाला खरे काय ते माझ्याआधी कळले होते, आणि मी ते त्याच्याकडून काढून घेतले.

पट्ट्यांची पद्धत तशी जुनी नाही. ओकिनावाच्या अंगणात रंगीत पट्टे नव्हते. ज्यूडोच्या कानो जिगोरो यांची श्रेणींची रीत फुनाकोशींनी घेतली आणि १९२४ मध्ये पहिल्यांदा काळे पट्टे दिले. तेच फुनाकोशी तरुणपणी रोज रात्री आझातो गुरुजींच्या घरामागच्या अंगणात एकच काता पुन्हापुन्हा करीत. तीन काता शिकण्यात सुमारे दहा वर्षे गेली असे त्यांनी लिहून ठेवले आहे. गुरुजी बसून पाहत आणि बहुधा एवढेच म्हणत, पुन्हा कर. मी स्पर्धांच्या किंवा पदकांच्या विरुद्ध नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये कराटे होते तेव्हा आम्ही सगळे एकत्र बसून सामने पाहिले. पॅरिसला ते वगळले गेले तेव्हा मुले हिरमुसली. पण दुसऱ्या दिवशी सहाला वर्ग भरला होता. फरशी पॅरिसवर अवलंबून नव्हती.

त्या प्रसंगानंतर मी एक नियम केला. परीक्षेला कोण बसणार हे पालक ठरवणार नाहीत, आणि मी एकटीही ठरवणार नाही. रांगेतले वरचे दोन विद्यार्थी आणि तो मुलगा स्वतः, यांचे मत आधी घेतले जाते. आश्चर्य म्हणजे मुले स्वतःबद्दल फारशी चुकत नाहीत. गेल्या वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलीने “अजून नाही” असे सांगितले. तिच्या आईने मला फोन केला आणि बराच वेळ नाराजी बोलून दाखवली. मुलगी अजून येते. आईही आता रविवारच्या वर्गात येते, तिच्या डाव्या हाताला, पांढरा पट्टा बांधून.

हा वर्ग शाळेच्या छत्राखाली इतकी वर्षे चालला तो व्यवस्थापनाने सभागृहाचे भाडे कधी मागितले नाही म्हणून. मराठी माध्यमाच्या वर्गांतली मुले कमी होत आहेत हे आपण सगळे जाणतो, आणि रिकाम्या सभागृहांना भाड्याने मागणारे पुष्कळ असतात. पुढे काय होईल ते विश्वस्तांच्या हाती. माझी विनंती एवढीच, की निर्णयापूर्वी त्यांनी एकदा सकाळी पावणेसहाला येऊन दाराशी उभे राहावे. आत यायचे तर चपला बाहेर.

सरांनी मल्लखांबाशेजारी पुरलेली माकिवाराची फळी पावसाने कुजली आहे. या रविवारी ती बदलायची आहे. खड्डा खणायला, सुतळी गुंडाळायला माणसे हवीत. माजी विद्यार्थ्यांनी अवश्य यावे. काम सातला सुरू करू, त्याआधी नेहमीप्रमाणे सभागृह पुसून होईल. येताना घरून एकेक जुने सुती फडके आणा, बादल्या दोनच आहेत.