पाणी तोडू नका, रक्त तपासा

मी बचत गटांची सहयोगिनी. एरवी मी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि बँकेच्या कर्जावर बोलते. आज झोपेवर बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

पेठ तालुक्यात एका गटाची बैठक होती. एक वहिनी बसल्या बसल्या पेंगत होत्या. बाकीच्या हसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ताई, नऊ वर्षांची पोरगी अजून अंथरूण ओलं करते. मध्येच हातपाय दुखतात म्हणून रडत उठते. ना ती झोपते, ना मी." वसतिगृहात मुली चिडवायच्या, म्हणून तिला घरी आणलं होतं. मी शहाणपणानं सांगून टाकलं, "दिवस मावळला की पाणी देऊ नका."

काही दिवसांनी मुलीचं दुखणं इतकं वाढलं की दवाखान्यात न्यावं लागलं. मीही सोबत गेले. रक्त तपासलं, सिकलसेल निघाला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "पाणी किती पिते?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली गेली.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं, सांधे, पोट दुखतं. शरीरात पाणी कमी पडलं किंवा थंडी बाधली की हे दुखणं उसळू शकतं. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून लघवी जास्त होते, रात्रीही होते. पोरगी आळशी नव्हती, हट्टी नव्हती. तिला मार नको होता, पाणी हवं होतं.

अशा मुलाला दिवसभर थोडं थोडं पाणी द्या. झोपताना लघवीला न्या, रात्री एकदा उठवा. गोधडीखाली प्लास्टिक अंथरा. तहान लागली तर रात्रीही पाणी द्या. मूल जोरात घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकत असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा. टॉन्सिल वाढल्यानं असं होतं. श्वास अडला की रक्तातला प्राणवायू कमी होतो, आणि सिकलसेलच्या मुलाला तो त्रास जास्त बाधतो. मुलाला ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.

दिवाळीनंतर आपली कितीतरी कुटुंबं दिंडोरी, निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात. थंडीत झोपडीत झोपावं लागतं, आणि गोळ्या गावीच राहतात. जाताना गोळ्या, तपासणीचे कागद आणि जास्तीची गोधडी आधी बांधा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका.

आता मोठ्यांचं. रात्री आडवं झालं की पायात वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं कितीजणी सांगतात. शरीरात लोह कमी असलं तरी असं होतं. पण सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर तपासा. घरधनी जोरात घोरतात, मध्येच श्वास अडतो आणि दिवसा पेंगतात, तर रक्तदाब तपासा. मुलाला ९ ते १२ तास आणि मोठ्याला निदान ७ तास झोप लागते. "बाईच्या जातीला कसली झोप" हे म्हणणं आता सोडून देऊया.

दवाखान्यात गेल्यावर आपल्याला काही आठवत नाही. म्हणून सात रात्री कॅलेंडरवर खुणा करा. किती वेळा उठलं, कुठं दुखलं, अंथरूण ओलं झालं का, घोरलं का. लिहिता येत नसेल तर टिंबं काढा. ते पान डॉक्टरांना दाखवा.

सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आशाताईंना विचारा. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी खास राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. लग्न ठरवण्याआधी मुलामुलीची तपासणी करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका बाळाला हा आजार होण्याचा असतो. दोष आईचा एकटीचा नसतो, दोघांकडून येतो. हे सासूबाईंनाही ऐकवा.

ती मुलगी आता औषधावर आहे. अंथरूण अजून कधीकधी ओलं होतं, पण घरात तिला कुणी बोलत नाही. ती पुन्हा शाळेत जाते, पाण्याची बाटली घेऊन.

येत्या बैठकीत हजेरी झाली की हप्त्याच्या आधी एक प्रश्न विचारा, "कुणाच्या घरात कोण झोपत नाही?" जी पेंगत असेल तिला हसू नका. तिच्याशेजारी जाऊन बसा.