घरचें शिक्षण, हातांचें काम आणि मोकळा वेळ
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या मातापित्यांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवसांत आपल्या मंदिराच्या बांधणीविषयीं, ज्या पूर्वजांनीं त्याचा एकेक चिरा वाहून आणिला त्यांच्याविषयीं आणि ज्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली त्यांच्याविषयीं पुष्कळ बोलून झालें आहे, आणि तें योग्यच आहे. आज आम्हांस ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो तुम्हीं स्वतःच आमच्यापुढें ठेविला आहे. गेल्या कांहीं महिन्यांत आम्ही घरोघर भेटी देत असतां तरुण आईबापांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारिला: लहान मुलाच्या दिवसाचे वांटे कसे करावे? घरीं शिकवावें किती, सणावारांचीं व ऋतूंचीं हातकामें करवावीं किती, आणि त्यास नुसतें मोकळें सोडावें किती? एक माता म्हणाली, "फादर, ह्यांतली एक गोष्ट धरली कीं दुसरी सुटते, आणि रात्रीं अंथरुणावर पडलें कीं तिन्हीही सुटल्या असें वाटतें." हें दुःख खरें आहे. बालपण एकदांच येतें व लवकर जातें. म्हणून त्याचा विचार आज शांतपणें करूं.

प्रथम हें ठरवूं कीं, मुलाचा पहिला गुरु कोण? ख्रिस्तसभेनें ह्याचें उत्तर संदिग्ध ठेविलेलें नाहीं. पोप अकरावे पायस ह्यांनीं ३१ डिसेंबर १९२९ च्या आपल्या विश्वपत्रांत आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रांत हाच सिद्धांत मांडिला कीं, ज्यांनीं मुलास जन्म दिला त्यांजवरच त्याच्या शिक्षणाचा पहिला हक्क व पहिला भार आहे. शाळा ही त्यांची साह्यकारी आहे. आईबाप ह्या कामांत उणे पडले तर ती उणीव भरून काढणें फार अवघड असतें, असाही त्या महासभेचा आशय आहे.

परंतु ह्यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं, घर म्हणजे लहानशी शाळा करून टाकावी. मार्च १९२० नव्हे, मार्च २०२० मध्यें, म्हणजे आपल्या सर्वांच्या आठवणींतल्या काळांत, महामारीमुळें शाळांचे दरवाजे बंद झाले आणि घरोघर फळा, वेळापत्रक व हजेरी आली. तेव्हां आपणांस दिसून आलें कीं, आई जेव्हां दिवसभर मास्तरीण होते, तेव्हां मुलास मास्तरीण मिळते खरी, पण त्याची आई हरवते. घरानें शाळेची नक्कल करूं नये. घराचें शिक्षण घराच्याच रीतीनें व्हावें.

ती रीत कोणती? अनुवादाच्या ग्रंथांत इस्राएलाच्या पित्यांस अशी आज्ञा आहे कीं, देवाचीं वचनें मुलांस घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां सांगावीं. ह्यांत फळा नाहीं आणि तासाची घंटाही नाहीं. आहे तें नित्याचें जगणें. आपल्या वसईच्या परिसरांत ह्या शिक्षणास साहित्य थोडें आहे काय? कोंबडीचीं अंडीं मोजतां मोजतां मूल अंक शिकतें. तांदूळ मापतांना त्यास शेर-पावशेर नव्हे तरी अर्धें व पाव कळतें. मळ्यांतली भाजी पहाटे बाजारासाठीं बांधतांना दहा जुड्यांचा एक भारा होतो, हें त्यास कोणी वेगळें शिकवावें लागत नाहीं. आजी ओटीवर बसून कादोडींत अथवा वाडवळींत जी गोष्ट सांगते, ती भाषेचा पहिला पाठ होय. आपली बोली मुलापासून लपवूं नका. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही शक्य तेथें किमान पांचव्या इयत्तेपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे.

त्याच धोरणानें तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया म्हणून एकत्र धरिला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानें त्या वयाचें शिक्षण खेळावर उभें केलें. तेव्हां तीन वर्षांच्या बालकाकडून पानेंच्या पानें गिरवून घेणारे आईबाप पुढारलेले आहेत असें समजूं नये. आमचा सल्ला असा कीं, सहा वर्षांच्या आंतील मुलास ठराविक अभ्यास नसावा; रोज पाव तास त्यास जवळ घेऊन एखादें पुस्तक मोठ्यानें वाचून दाखवावें, म्हणजे पुरे. सहा ते आठ वर्षांच्या मुलास शाळेखेरीज अर्धा तास पुष्कळ झाला.

मूल शाळेंत न घालतां सर्वस्वीं घरींच शिकवावें काय, असेंही दोघां-तिघांनीं विचारिलें आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानें दिला आहे. १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची संस्था बाहेरून परीक्षा देण्याची सोय करिते, आणि कांहीं कुटुंबांस आजारपणामुळें अथवा दुसऱ्या खऱ्या अडचणीमुळें तो मार्ग घ्यावाही लागतो. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. पण केवळ शेजाऱ्यावर रुसून किंवा एका वाईट निकालानें घाबरून हा निर्णय घेऊं नये. शाळेंत मुलास केवळ धडे मिळत नाहींत. तेथें त्यास सोबती मिळतात, आणि परक्या घरच्या मुलाशीं जुळवून घेण्याचें शिक्षण मिळतें.

आतां हातांच्या कामाकडे वळूं. ह्या बाबतींत आपणांस आदर्श दूर शोधावा लागत नाहीं. आपल्याच पालघर जिल्ह्यांत, बोर्डी येथें, १९४५ सालीं ताराबाई मोडक ह्यांनीं खेड्यांतील बालकांसाठीं शिक्षणकेंद्र काढिलें, आणि १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. मूल शाळेंत येईना, तेव्हां ह्या बायांनीं शाळाच त्याच्या अंगणांत नेली. महागडीं परदेशी साधनें परवडण्याजोगीं नव्हतीं. म्हणून शिंपले, बिया, पानें, खडे आणि माती ह्यांचींच साधनें केलीं. मुलाच्या हातास लागतें तें एवढेंच.

आणि ख्रिस्ती घरास तर वर्षाचें चक्र आयतेंच मिळालें आहे. पावसाळा सरतां सरतां, ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेचा जन्मदिन येतो. त्या दिवशीं मुलांनीं वेंचलेलीं फुलें तिच्या चरणीं वाहिलीं जातात. भात कापणीस आलें कीं नव्या लोंब्या मंदिरांत आणावयाच्या असतात. आगमनकाळ लागला कीं गव्हाणीची तयारी. नाताळापूर्वी आठ-दहा दिवस नाचणी अथवा गहूं रात्रभर भिजवून ताटलींत मातीवर पेरावे. मुलानें रोज हातानें पाणी शिंपडावें. सणापर्यंत बोट-दीड बोट हिरवळ उगवते आणि गोठ्यापुढचें कुरण तयार होतें. बांबूच्या दहा कामट्या घेऊन त्यांच्या दोन चांदण्या बांधाव्या, टोकें एकमेकांस जोडावीं, मध्यें पांच आखूड काड्यांनीं त्या फुगवाव्या व वरून पतंगाचा कागद खळीनें चिकटवावा, म्हणजे तारा झाला. झावळ्यांच्या रविवारीं पातीचा क्रूस विणावा. तीच पाती वाळून पुढच्या वर्षीं राखेच्या बुधवारची राख होते, हें मुलानें स्वतःच्या हातानें अनुभवावें. अशा कामांतून त्यास काळाची गति कळते. प्रत्येक गोष्टीची वेळ असते आणि तिची वाट पाहावी लागते, हा धडा पुस्तकांत सांपडणें कठीण.

मात्र येथें दोन दोष शिरले आहेत, ते स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. पहिला दोष चढाओढीचा. बाप व थोरले भाऊ रात्रीं जागून दिव्यांचा लखलखाट असलेला गोठा उभारितात, आणि ज्याच्यासाठीं तो उभारावयाचा तें मूल कोपऱ्यांत उभें राहून "हात लावूं नकोस" एवढेंच ऐकतें. संत फ्रान्सिस ह्यांनीं १२२३ सालीं ग्रेच्चो गांवीं जी पहिली गव्हाण मांडिली, तींत मूर्तिही नव्हत्या. गवत, गव्हाण, एक बैल व एक गाढव, एवढाच थाट होता. १ डिसेंबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्याच गांवीं जाऊन गव्हाणीविषयीं आपलें पत्र प्रसिद्ध केलें, आणि घरोघरची ही प्रथा जपावी अशी विनंति केली. तेव्हां गोठा वांकडा झाला तरी चालेल, मेंढरू गाईपेक्षां मोठें दिसलें तरी चालेल. पण तें मुलाच्या हातचें असावें. दुसरा दोष अतिरेकाचा. दर आठवड्यास नवें काम, दर कामास नवें सामान, आणि शेवटीं मूल झोंपी गेल्यावर आईच मध्यरात्रीं कागद कातरीत बसते. ह्यानें कोणाचें शिक्षण झालें? एका ऋतूस एक काम, तेवढें मनापासून केलें तर बस्स आहे.

तिसरी गोष्ट मोकळा वेळ. तिन्हींमध्यें हीच आज सर्वांत संकटांत आहे, कारण तिच्या बाजूनें बोलणारा कोणी नसतो. अभ्यासाचा निकाल लागतो, हातकामाचें प्रदर्शन होतें. मोकळ्या वेळाचें दाखविण्यासारखें कांहींच नसतें. तथापि १९८९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारांत, एकतिसाव्या कलमांत, विश्रांति व खेळ हा बालकाचा हक्क म्हणून लिहिला आहे, आणि आपल्या देशानें १९९२ सालीं तो करार स्वीकारिला आहे.

तुम्ही वाडीवाले लोक आहां. तुम्हांस हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. मळ्याला पाणी देणें चांगलें, पण पाटाचें पाणी रात्रंदिवस सोडून ठेविलें तर काय होतें? मुळें कुजतात. दोन पाळ्यांच्या मध्यें जमीन वाफशावर यावी लागते. ओल असते, पण हवाही आंत शिरते, आणि त्याच वेळीं मूळ खालीं जातें. त्या दिवसांत मळ्यांत कांहीं घडतांना दिसत नाहीं. म्हणून कोणी शेतकरी घाबरत नाहीं. मुलाचा मोकळा वेळ हा त्याचा वाफसा आहे. दिवसभर शिकविलेलें तेव्हां आंत मुरतें.

म्हणून मूल "कंटाळा आला" म्हणालें कीं लगेच त्याच्या हातांत मोबाईल देऊं नका. थोडा वेळ तो कंटाळा राहूं द्या. पाहतां पाहतां तें मुंग्यांची रांग शोधील, नारळाच्या करवंटीचें घर करील, भावंडाशीं भांडेल आणि पुन्हा खेळेलही. प्रभु येशूच्या नाझरेथमधल्या सुमारें तीस वर्षांविषयीं शुभवर्तमानांत अगदीं मोजक्या ओळी आहेत. तो आईबापांच्या आज्ञेंत राहिला आणि ज्ञानानें व शरीरानें वाढत गेला, एवढेंच लूक सांगतो. ज्या वर्षांत सांगण्यासारखें कांहीं घडलें नाहीं, त्याच वर्षांत ती वाढ झाली.

तुमच्यांतील पुष्कळांची अडचण आम्ही जाणतों. पहाटेची लोकल धरण्यासाठीं नायगांव, वसई किंवा विरारचें स्टेशन गाठावयाचें, आणि परत यावयास रात्रीचे आठ वाजतात. हातीं उरतो जेमतेम एक तास. त्या तासांत वह्या तपासाव्या कीं काय करावें? आमचें सांगणें असें: प्रथम एकत्र जेवा, मग थोडी प्रार्थना करा, आणि उरलेला वेळ कांहीं न करितां मुलांजवळ बसा. वह्या आजोबा पाहतील, शिक्षक पाहतील. बापाच्या मांडीवर बसण्याचें काम मात्र दुसऱ्याच्या मांडीवर होत नाहीं. आणि हा भार एकट्या आईचा नव्हे, हेंही पुरुषांनीं लक्षांत ठेवावें. जी स्त्री नोकरी, स्वयंपाक, अभ्यास व गोठा हीं सर्व ओढते, तिच्या घरांत मोकळा वेळ प्रथम तिला मिळावा.

तर मग वांटणी कशी करावी? आमच्या मतें क्रम असा: आधीं झोंप व जेवण, मग खेळ, मग घरचें एखादें लहान काम, मग अभ्यास, आणि शेवटीं ऋतु असेल तेव्हां हातकाम. ज्या दिवशीं वेळ अपुरा पडेल त्या दिवशीं शेवटून कापीत यावें, आरंभापासून नव्हे. आणि रविवार हा प्रभूचा दिवस. मिस्सा व धर्मशिक्षण झाल्यावर त्या दिवशीं वही उघडूं नये. शब्बाथ माणसासाठीं आहे, असें प्रभूनेंच शिकविलें. तो लहान माणसांसाठींही आहे.

कोणी म्हणेल, "आमच्या नव्या इमारतींत अंगण कोठें आहे?" ही तक्रार रास्त आहे, आणि तिचें उत्तर देणें धर्मग्रामाचेंही काम आहे. मंदिराच्या आवारांत विहिरीपलीकडची जी मोकळी जागा आहे, तेथें फरशी घालून गाड्या उभ्या कराव्या अशी सूचना ज्युबिलीच्या निमित्तानें आली होती. मंडळाच्या संमतीनें आम्ही ती जागा मातीचीच ठेवण्याचें ठरविलें आहे. दर रविवारीं धर्मशिक्षणानंतर दोन तास ती मुलांची असेल. तेथें शिकविणारा नसेल, शिट्टी नसेल, बक्षिसें नसतील. झाडाखालीं चार वडील माणसें बसतील, तेवढीं पुरे. ज्यांस गाड्या लांब लावून चालत यावें लागेल त्यांनीं तें ज्युबिलीचें दान समजावें. नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेंतही यंदापासून मुलांनीं स्वतः केलेल्या गोठ्यांचाच विचार होईल.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या पूर्वजांनीं आपणांस दगडांचें मंदिर बांधून दिलें. आपण आपल्या मुलांस काय देणार? त्यांस थोडें शिकवा, थोडें त्यांच्या हातांनीं घडूं द्या, आणि पुष्कळ वेळ त्यांच्या सोबत राहा. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीनें परमेश्वर तुमच्या घरांस शांति देवो, तुमच्या लेंकरांस निरोगी वाढ देवो, आणि ह्या धर्मग्रामाच्या पुढल्या ज्युबिलीस तीं लेंकरें आपल्या मुलांबाळांसह ह्याच आवारांत आनंदानें जमोत, हीच आमची प्रार्थना.