वयांत आलेल्या लेंकराचें दुखणें आणि आईबाप
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवांत आईबापांनीं आईबापांशीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही उभयतां विद्वान नव्हों, वैद्य तर नव्होंच. परंतु आमच्या एकोणतीस वर्षांच्या विवाहित कन्येस कर्करोग झाला, आणि सहा महिने चाललेल्या तिच्या उपचारांत आम्हांस जें शिकावें लागलें, तें कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, या आशेनें आपल्यापुढें उभे राहिलों आहों.

लहान मूल आजारी पडलें म्हणजे आईबापांचें काम कठीण असतें, पण सरळ असतें. मूल आपल्या मांडीवर असतें. औषध पाजणारे आपण, निर्णय घेणारेही आपणच. लेंकरूं मोठें झालें, मिळवतें झालें, स्वतःचा संसार करूं लागलें, म्हणजे त्याच्यावरील आपली सत्ता संपते. माया मात्र तितकीच राहते. सत्तेवांचून माया कशी करावी, हाच या दुखण्यांतला मुख्य धडा होय.

आमच्या कन्येच्या मानेस एक न दुखणारी गांठ आली. तिचा तुकडा तपासल्यावर हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग, असें निदान झालें. टॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरानें १८३२ सालीं या रोगाचें वर्णन केलें. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ, रोग अंगांत पसरल्यावर खात्रीचा उपाय नव्हता. १९७५ सालीं इटलींतील मिलान येथील डॉक्टर बोनादोना व त्यांचे सहकारी यांनीं चार औषधांची योजना प्रसिद्ध केली, आणि आज या रोगाचे बहुतेक रुग्ण बरे होतात. प्रत्येक कर्करोगाची गति निराळी असते हें खरें. तथापि त्याचें नांव निघतांच मरणाची तयारी करावी, हा आपल्या वाड्यांतला समज सोडून देण्याची वेळ आली आहे.

निदान कळतांच दोन्हीं घरच्या नातलगांचा सल्ला पडला कीं, मुलीस रोगाचें नांव सांगूं नये, ती खचेल. आम्हीं तो मानला नाहीं. देह तिचा, दुखणें तिचें, तेव्हां बातमीही प्रथम तिचीच. डॉक्टर तिच्याशीं व जांवईबापूंशीं बोलले. उपचारापूर्वीं पुढील संततीविषयीं काय करावें, हा प्रश्न निघाला, तेव्हां आम्ही दोघे उठून बाहेर बाकावर येऊन बसलों आणि रोजरीचे मणी ओढीत राहिलों. आंत काय ठरलें, हें आम्हीं आजतागायत विचारलें नाहीं.

दुसरा प्रश्न राहण्याचा. आईचा जीव म्हणे, तिला वसईस माहेरीं आणावें. ती म्हणाली, "आई, मी आजारी आहें, लहान झालें नाहीं. मी माझ्या घरीं राहीन, तूं ये." म्हणून दर पंधरवड्यास औषधाचा दिवस आला कीं आई बोरिवलीस तिच्या घरीं जाऊन राही. तेथें विहीणबाईंनीं सकाळचें व आईनें रात्रींचें पाहावें, असें ठरलें. चुलीवरचा शब्द मात्र मुलीचाच. आमच्या घरांत मासळीवांचून जेवण नाहीं. पण औषधानंतर चार दिवस तिला तळणाचा वास सोसत नसे. तेव्हां मऊ भात, पेज, वरण, उकडलेलें अंडें, असें थोडथोडें दिवसांतून सहा वेळां देत असूं.

वडिलांकडे प्रवास व हिशेब आला. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत दिव्यांगांसाठीं जो राखीव डबा असतो, त्यांत कर्करोगाच्या रुग्णांसही बसतां येतें. रुग्णालयाचा कागद मात्र जवळ असावा. खर्चाची ओढ असेल त्यांनीं दागिना मोडण्यापूर्वीं रुग्णालयांतील समाजसेवकांस गांठावें. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे अनेक उपचार येतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आतां घरांत ज्या गोष्टी पाठ असाव्या त्या सांगतों. या औषधांनीं रोगाबरोबर रक्तांतील पांढऱ्या पेशीही कमी होतात व साध्या जंतूंशीं झुंजण्याची शक्ति उरत नाहीं. म्हणून ताप १००.४ अंशांवर गेला कीं, रात्र असो वा दिवस, तात्काळ रुग्णालय गांठावें. काढा किंवा गोळी देऊन सकाळची वाट पाहूं नये. चौथ्या वेळेनंतर रात्रीं दोन वाजतां आम्हांवर तो प्रसंग आला. शिरेंतून औषधें मिळालीं आणि तिसऱ्या दिवशीं ताप उतरला. यांतील एक औषध तांबडें असतें, त्यामुळें एकदोन दिवस लघवी तांबूस होते. तें रक्त नव्हे. दुसऱ्या एका औषधानें फुप्फुसांस इजा होऊं शकते. म्हणून कोरडा खोकला वा धांप लागल्यास लपवूं नये. आणि कोणाचेंही झाडपाल्याचें औषध डॉक्टरांस न विचारतां देऊं नये, मग तें कितीही प्रेमानें आणलेलें असो.

याहून कठीण गोष्ट मनाची. मोठें लेंकरूं दुखण्यांत चिडतें, आणि बहुधा आईवरच चिडतें. कारण तेथें आपलें प्रेम कमी होणार नाहीं, अशी त्यास खात्री असते. तें बोलणें ऐकून घ्यावें. रडूं आलें तर रडावें. परंतु आपलें सांत्वन तिच्याकडून करवून घेऊं नये, तें ओझें आपण एकमेकांत वांटावें. बरें वाटेल त्या दिवशीं ती कचेरीचें काम घेऊन बसे. "आतां पुरे" हे शब्द ओंठांवर येत, ते आम्ही गिळीत असूं. त्या कामांत ती रुग्ण नव्हती, पूर्वींचीच होती.

पवित्र मरिया क्रुसाजवळ उभी होती, एवढेंच संत योहान सांगतो. तिचाही पुत्र वयांत आलेला होता. त्याचे खिळे तिला काढतां आले नाहींत, त्याचा मार्ग तिला बदलतां आला नाहीं. ती तेथून हालली मात्र नाहीं. औषधाच्या ठिबकीजवळ बसलेल्या आईबापांस याहून मोठा आधार आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें आणखी एक विनंती. फादर तेल लावावयास आले म्हणजे शेवट आला, असें मानूं नका. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठीं नव्हे, तो आजाऱ्यांचा संस्कार होय, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालींच स्पष्ट केलें आहे. आमच्या कन्येनें तो पहिल्या औषधापूर्वींच मागून घेतला.

शेजाऱ्यांनींही थोडें जपावें. सर्दी असतां भेटीस जाऊं नये; अमक्याची मुलगी कशी गेली, ती कथा सांगूं नये. त्यापेक्षां डबा न्यावा, गाडीनें पोंचवावें, रक्त द्यावें. रक्तांतील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, साधारण पांचच दिवस टिकतात; म्हणून दात्यांची यादी गरज पडण्यापूर्वींच तयार हवी. या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामानें अशी यादी करावी, ही आमची सूचना आहे, आणि पहिलीं दोन नांवें आमचीं लिहावीं.

ईश्वरकृपेनें कन्येचे बाराही डोस पूर्ण झाले व शेवटच्या तपासणींत रोग दिसला नाहीं. दर कांहीं महिन्यांनीं तपासणी असते. त्या तारखा तिच्याजवळ आहेत, आमच्याजवळ नाहींत. ती सांगते तेव्हां आम्ही बरोबर जातों. न सांगितल्यास घरीं मेणबत्ती लावतों, आणि रात्रीं तिचा फोन येईपर्यंत जागे राहतों.