ब्लूबेरीची जाळी

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



माइक हातात देताना सेक्रेटरींनी दोनच गोष्टी सांगितल्या. वेळ दहा मिनिटं आहे आणि मागे मसाला दूध आटतंय. त्यामुळे मी फार ताणत नाही.

माझं माहेर लांज्याजवळचं. मे महिन्यात आम्ही भावंडं करवंदांच्या जाळीत शिरायचो. हातापायांवर ओरखडे, ओठांना चिकट चीक, आणि एकच खेळ. करवंद अर्धं तोडायचं आणि आतला रंग बघायचा. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी! ती जाळी कोणी लावली नव्हती, तिला कोणी पाणी घालत नव्हतं. पाखरं खायची, शेळ्या खायच्या, आम्ही खायचो, तरी उरायचंच.

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा वाटलं, मागच्या अंगणात असं काहीतरी हवं. करवंद काही इथल्या बर्फात टिकायचं नाही. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "ब्लूबेरी लाव. ती इथलीच आहे."

ती किती इथली आहे ते मला पुढे कळलं. आपण दुकानातून डबेच्या डबे आणतो, पण शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत हे रानातलंच फळ होतं. लोक रानात जाऊन तोडून आणायचे. बागेत लावलं की झुडूप मरायचं. फ्रेडरिक कोव्हिल नावाचे सरकारी शेतकी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं आणि १९१० साली ते छापलं. ते वाचून आपल्या दक्षिण जर्सीतल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना कळवलं की आमच्या जमिनीवर प्रयोग करा. त्यांच्या घरची क्रॅनबेरीची शेती होती. आसपासच्या रानाची खडान् खडा माहिती असलेल्या लोकांना बाईंनी सांगितलं, मोठ्यात मोठं फळ धरणारं झुडूप शोधून द्या. सापडलेल्या झुडपाला शोधणाऱ्याचं नाव! रूब लीक नावाच्या माणसाने शोधलेलं 'रूबेल' आजही लावतात. १९१६ साली लागवडीची पहिली ब्लूबेरी बाजारात गेली, आणि पुढे ती आपल्या राज्याचं अधिकृत फळ झाली.

हे सगळं मी आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं! मी काय केलं? आमच्या परसात झाडांना राख घालायची पद्धत. म्हणून फायरप्लेसची राख आणून हौसेने बुंध्याशी घातली. दोन महिन्यांत पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. माती तपासून घेतली तर सामू ६.८. ब्लूबेरीला हवा साधारण ४.५ ते ५. राखेने तो आणखी वर जातो. म्हणजे मी प्रेमाने तिला उपाशी ठेवत होते. जमिनीत लोह असूनही तिला घेता येत नव्हतं. लांज्याची माती मनात धरून मी जर्सीत बाग करत होते, दुसरं काय!

मग गंधक घातलं, पाइनच्या सालीचं जाड आच्छादन केलं. तिची मुळं उथळ असतात, त्यामुळे खणाखणी बंद केली. तिसऱ्या वर्षी एप्रिलअखेर उलट्या घंटांसारखी पांढरी फुलं आली. भुंगे त्यांना लोंबकळून अंग थरथरवतात आणि पराग खाली पाडतात. तो गुणगुणाट ऐकत माझा चहा गार व्हायचा.

आणि २०१४ साली चांगलं फळ धरलं. पाखरांनी नेऊ नये म्हणून मी दुकानातून नायलॉनची जाळी आणून दोन्ही झुडपांवर टाकली. एका सकाळी तीत कॅटबर्ड अडकलेला दिसला. राखाडी अंग, डोक्यावर काळी टोपी, मांजरासारखं ओरडतो तो. कात्रीने जाळी कापून त्याला सोडवला, पण संध्याकाळपर्यंत बुटाच्या खोक्यात तो गेला. माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती. तिने विचारलं, "आई, बेरीज किती होत्या गं?"

मोजून दोन वाट्या होत्या.

मला लांज्याची जाळी आठवली. जाळी हाच शब्द, पण त्या जाळीत पाखरं घरटी करायची आणि माझ्या जाळीत पाखरू मेलं. त्याच दिवशी ती कचऱ्यात टाकली.

आता माझ्याकडे सहा झुडपं आहेत. ड्यूक लवकर पिकते, ब्लूक्रॉप मधे, इलियट शेवटी. त्यामुळे जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत काही ना काही असतं, आणि जाती वेगवेगळ्या असल्या की फळही जास्त धरतं. घरच्यापुरते घोस मी हळदीकुंकवाच्या वाणाच्या त्या जाळीदार पोटल्यांत बांधते. बाकी सगळं रॉबिनचं, कॅटबर्डचं. औषध फवारत नाही. पानांवरच्या अळ्याही राहू देते. चिकडीसारख्या चिमण्या पाखराला एका खेपेची पिल्लं वाढवायला हजारो अळ्या लागतात. त्या त्याने आणायच्या कुठून, आपल्या गुळगुळीत लॉनमधून?

तेव्हा विनंती एवढीच. दिवाळीच्या सुमारास माती तपासा, लागेल तेवढं गंधक आत्ताच घाला, त्याला काम करायला काही महिने लागतात. वसंतात दोन झुडपं लावा. पहिली दोन वर्षं फुलं खुडा, म्हणजे मुळं धरतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या जाड फांद्या बुडापासून काढा. ऑक्टोबरात पानं अशी लाल होतात की दसऱ्याला तोरण करावं!

लेक आता कॉलेजात आहे. दर मे महिन्यात तिचा फोन येतो, "आई, काळी टोपीवाला आला का?" यंदाही आला. झुडपं आता एकमेकांत गुंतली आहेत. त्यांची जाळी झाली आहे. आतल्या घरट्याकडे मी लांबूनच बघते.

चला, दूध आटलं असेल.