व्हेगसचा लगाम

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं अलगद टेकवा. नाडी लागली? आता संथ श्वास घ्या आणि त्याहून संथपणे सोडा. श्वास घेताना ठोके जरा लगबगीनं पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुणपणी हा फरक अधिक जाणवतो. घाबरू नका, हे निरोगी हृदयाचं लक्षण आहे.

ही करामत परानुकंपी मज्जासंस्थेची. अंगावर कुत्रा धावून आला की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातापायांत बळ येतं. ती कामगिरी अनुकंपी मज्जासंस्थेची. कुत्रा निघून गेल्यावर शरीराची घडी पुन्हा बसवते ती परानुकंपी. फोडणीच्या वासानं तोंडाला पाणी सुटतं, जठरात पाचकरस पाझरतो, आतडी हलू लागतात, ते तिच्यामुळेच.

तिचे काही तंतू मेंदूच्या बुंध्यातून निघतात, काही मज्जारज्जूच्या अगदी खालच्या भागातून. त्यांतला सर्वांत लांब पल्ल्याचा मज्जातंतू म्हणजे व्हेगस. तो मानेतून छातीत उतरतो आणि हृदय, फुप्फुसं, जठर करत थेट आतड्यांपर्यंत पोचतो.

हृदयाला स्वतःचा ठेका आहे. त्याला मोकळं सोडलं, तर ते मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. आपण निवांत बसलेलो असताना नाडी 70च्या आसपास असते, कारण व्हेगसनं लगाम धरलेला असतो. हृदयाचं प्रत्यारोपण करताना हा तंतू कापला जातो. म्हणूनच अशा रुग्णाची नाडी विश्रांतीतही बहुतेकदा 90 ते 100च्या घरात असते.

पण तंतू हृदयाला निरोप देतो तरी कसा? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी 1921 साली याचं उत्तर शोधलं. त्यांनी बेडकाचं हृदय खाऱ्या द्रावणात ठेवून त्याच्या व्हेगसला विजेनं चेतवलं. ठोके मंदावले. मग तेच द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याला कुठल्याही तंतूनं डिवचलं नव्हतं, तरी तेही मंदावलं! म्हणजे तंतूच्या टोकाशी एखादं रसायन झरत होतं. ते होतं ॲसिटिलकोलीन. लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह 1936 साली नोबेल पारितोषिक मिळालं. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला डॉक्टर जे थेंब घालतात, त्यांतलं औषध बहुधा याच रसायनाची वाट अडवतं. म्हणून काही तास जवळचं अक्षर पुसट दिसतं.

श्रोतेहो, विश्रांती म्हणजे शरीराचं थांबणं, असं आपण समजतो. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आत पचन, दुरुस्ती आणि हृदयाला आवर घालणं अखंड चालू असतं. त्या कामाला वेळ द्या. जेवताना घाई करू नका, आणि झोपण्यापूर्वी पाच मिनिटं सावकाश श्वास सोडत बसा.