शांतिसेना, रसद आणि संसद

(गोविंदपुरम् येथे मराठी भाषक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘परदेशातील युद्धे आणि लोकशाही जबाबदारी’ असा छापला आहे. पक्षपत्राच्या मराठी आवृत्तीसाठी अनुवाद करणे हे माझे काम असल्यामुळे मी या विषयाकडे शब्दांच्या वाटेने येणार आहे. सरकारी निवेदनांचा अनुवाद करताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. धान्याच्या भावाविषयी बोलताना सरकारच्या वाक्यात कर्ता असतो; मंत्री असतो, खाते असते. युद्धाचा विषय निघाला की कर्ता नाहीसा होतो आणि कर्मणी प्रयोग सुरू होतो. सैन्य ‘रवाना करण्यात आले’, सुविधा ‘उपलब्ध करून देण्यात आली’, करार ‘संपन्न झाला’. कोणी केले, कोणाला विचारून केले, खर्च कोणाच्या माथी पडला, यांपैकी काहीही त्या वाक्यात मावत नाही. अशा वाक्यांविषयी अविश्वास बाळगणे म्हणजे देशद्रोह, अशी एक समजूत आज पद्धतशीरपणे पसरविली जात आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे.

हा वर्ग गोविंदपुरम् येथे भरला आहे, म्हणून आरंभ इथूनच करू. कुंभकोणमजवळचे हे गाव एके काळी तंजावरच्या मराठी राज्यात होते. महाराष्ट्रातून येणारा माणूस इथले विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर पाहतो, तंजावरला सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहतो, आणि आपली भाषा इतक्या दूर नांदली याचा अभिमान घेऊन परततो. अभिमानाबद्दल माझी तक्रार नाही. पण भोसल्यांचा इतिहास सांगणारा तो लांबलचक शिलालेख १८०३ सालचा आहे, म्हणजे राज्य हातातून गेल्यानंतर चार वर्षांनी कोरलेला आहे, ही गोष्ट पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही.

राज्य गेले ते रणांगणावर नव्हे. १७७३ साली कंपनीच्या फौजेने अर्काटच्या नबाबासाठी तंजावर जिंकून दिले, आणि १७७६ साली त्याच कंपनीने ते राजा तुळजाजीला परत दिले. परत देण्याचे काम करणारा मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगॉट याला त्याच्याच कौन्सिलने कैद केले आणि १७७७ साली तो कैदेतच मेला. कारण काय? पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक नोकर नबाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावरच्या महसुलावर हक्क सांगत होता, आणि कौन्सिलातील मंडळी त्याच्या बाजूची होती. कावेरीच्या खोऱ्यातले भात शेतात उभे असतानाच सावकाराच्या वहीत गहाण पडले होते. राज्य परत मिळाले खरे, पण त्याबरोबर राज्याच्या संरक्षणासाठी कंपनीची फौज आली, आणि तिचा खर्च राजाच्या माथी, म्हणजे अखेरीस रयतेच्या माथी आला. पुढे २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, श्रीरंगपट्टण पडल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, दुसऱ्या सरफोजीने तहावर सही केली. मुलकी आणि लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, दरसाल एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. १८५५ साली शेवटचा राजा पुत्राविना वारल्यावर किल्ल्याचाही प्रश्न मिटला.

त्या काळच्या तहांची भाषा नेहमी मैत्रीची आणि संरक्षणाची असे. परकी फौज आपल्या भूमीवर, आपल्या खर्चाने, दुसऱ्याच्या युद्धासाठी. आणि त्या व्यवस्थेचे नाव मैत्री. साम्राज्यशाहीचे हे व्याकरण आपल्याला तंजावरात शिकता येते. सरफोजीला मी दोष देत बसणार नाही; तो विद्येचा चाहता होता आणि त्याच्यापुढे फारसे मार्ग उरले नव्हते. पण रयतेच्या वतीने त्याला जाब विचारणारी कोणतीही सभा अस्तित्वात नव्हती, हे मात्र नोंदवून ठेवू.

अशा सभेशिवायच ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. मुंबईच्या कामगाराने त्याला महिन्याच्या आत उत्तर दिले. २ ऑक्टोबर १९३९ रोजी लाल बावट्याखाली सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धविरोधी संप केला. पुढे सोव्हिएत युनियनवर हल्ला झाल्यानंतर पक्षाची भूमिका बदलली. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. आज त्यात शिरत नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांनी बंड पुकारले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत निकृष्ट जेवणाच्या तक्रारीबरोबरच इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणण्याची मागणी होती. डाळीत खडे आहेत म्हणणारा खलाशी त्याच कागदावर जावाच्या स्वातंत्र्याची गोष्ट लिहितो, हे मला आपल्या इतिहासातले अत्यंत मोलाचे वाटते. त्या नाविकांच्या पाठिंब्यासाठी परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर उतरले आणि कमल दोंदे यांच्यासह दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात मेली.

स्वातंत्र्यानंतर संसद आली. तरीही करार आणि सैन्य यांच्या बाबतीत तिला किती विचारले गेले? याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण इथल्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली की जाफना. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून भारतीय सैन्य श्रीलंकेत उतरू लागले. करारात चांगले काही नव्हते असे नाही. त्यातूनच श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, प्रांतिक परिषदा आल्या, आणि तमिळ जनतेच्या हक्कांच्या दृष्टीने त्यांचे मोल आजही आहे. प्रश्न सैन्याचा आहे. त्याला नाव दिले गेले ‘शांतिसेना’. ऑक्टोबरात ती सेना लिट्टेशी युद्ध करू लागली, ज्या संघटनेच्या माणसांना काही वर्षांपूर्वी आपल्याच गुप्तचर यंत्रणेने प्रशिक्षण दिले होते. ते प्रशिक्षणही देशाला विचारून दिलेले नव्हते. २१ आणि २२ ऑक्टोबरला जाफना रुग्णालयात भारतीय जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली तोवर आपले अकराशेहून अधिक जवान मृत्यू पावले होते. ती मुले गरीब घरांतली, साताऱ्याकडची, गढवालची, तमिळनाडूची. मद्रासला परत आलेल्या सैन्याच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्यावर फार गदारोळ झाला. तमिळांवर बंदूक चालवून आलेल्यांचे स्वागत कसे करू, असा त्यांचा प्रश्न होता. पण सैनिकाला तिथे पाठविणाऱ्यांनी संसदेपुढे कोणता हिशेब दिला, यावर मात्र तेवढा गदारोळ झाला नाही.

या ठिकाणी राज्यघटनेकडे पाहणे अवश्य आहे. बाह्य आक्रमणाच्या कारणाने देशात आणीबाणी पुकारायची, तर अनुच्छेद ३५२ प्रमाणे एका महिन्यात संसदेची मान्यता लागते. देशाबाहेर सैन्य पाठवायचे, तर अशी कोणतीही तरतूद नाही. सातव्या अनुसूचीच्या संघसूचीतील नोंद १४ करारांविषयी आहे, नोंद १५ युद्ध आणि शांतता यांविषयी आहे. म्हणजे त्यांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. पण करार कसे करावेत याचा कायदा संसदेने आजतागायत केलेला नाही, आणि त्या मोकळ्या जागेत अनुच्छेद ७३ खालील कार्यकारी सत्ता बसली आहे. करारांना संसदेची मान्यता घ्यावी यासाठी नव्वदीच्या दशकात कॉम्रेड एम. ए. बेबी यांनी राज्यसभेत खासगी घटनादुरुस्ती विधेयकाचा प्रयत्न केला. वेंकटचलय्या आयोगानेही या विषयावर सल्लापत्र काढले. त्यापलीकडे गोष्ट सरकली नाही, कारण सत्तेवर कोणताही भांडवलदारी पक्ष असला तरी ही मोकळी जागा त्याला सोयीचीच असते.

१९९१ च्या जानेवारीत ती सोय उघडी पडली. चंद्रशेखर यांचे सरकार साठ-पासष्ट खासदारांच्या बळावर आणि काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते. इराकवर बॉम्बवर्षाव सुरू असताना अमेरिकेच्या लष्करी वाहतूक विमानांना मुंबई, मद्रास आणि आग्रा येथे इंधन भरू देण्यात आले. पुन्हा कर्मणी प्रयोग! अलिप्तता चळवळीच्या संस्थापक देशाची धावपट्टी आखाती युद्धाच्या कामी लागली, आणि हे देशाला वृत्तपत्रांतून कळले. डाव्या पक्षांनी आणि कामगार संघटनांनी आवाज उठविला, पुढे काँग्रेसलाही विरोधात बोलावे लागले, आणि फेब्रुवारीत ही सोय बंद झाली. ‘इंधन भरणे’ हा शब्द किती निरुपद्रवी! गाडीवानाने वाटेत बैलांना पाणी पाजावे तसा.

२००३ सालचे उदाहरण माझ्या धंद्यातल्या माणसाला विशेष वाटते. इराकवरील आक्रमणाविषयी एप्रिल महिन्यात संसदेने ठराव केला. हिंदी मजकुरात ‘निंदा’ हा शब्द होता, इंग्रजी मजकुरात ‘डिप्लोर’. हिंदी वाचणाऱ्याला निषेध झाला असे वाटावे आणि वॉशिंग्टनमध्ये वाचणाऱ्याला केवळ खेद व्यक्त झाला असे वाटावे, अशी ही योजना होती. एकाच ठरावाचे दोन अर्थ दोन मालकांना पोहोचविण्याचे एवढे कौशल्य आम्हा अनुवादकांना साधत नाही. तरीही तो ठराव निरुपयोगी ठरला नाही. अमेरिकेने एक संपूर्ण डिव्हिजन मागितली होती, वाजपेयी सरकारातल्या काहींचा कल ती देण्याकडे होता. पण संसदेत शब्द उच्चारला गेला होता आणि रस्त्यावर लोक होते. १४ जुलै २००३ रोजी सरकारला नकार जाहीर करावा लागला. श्रीलंकेच्या वेळी जे घडले नाही ते इथे घडले: सैन्य निघण्यापूर्वी वाद झाला, आणि काही शे घरांतले मुलगे वाचले.

यावर आक्षेप असा येतो की संसदेने मत देऊन तरी काय होते? ब्रिटनच्या कॉमन्स सभेने १८ मार्च २००३ रोजी मतदान करूनच इराकचे युद्ध मान्य केले. आक्षेप खरा आहे. मतदानाने युद्ध न्याय्य ठरत नाही. पण मतदान झाल्यामुळे कोण कुठे उभा होता हे कायमचे नोंदले गेले, आणि त्याच सभेने ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. गुप्ततेचाही मुद्दा काढला जातो. फौजेने कोणत्या वाटेने जावे हे संसदेत सांगा, असे कोणीही म्हणत नाही. फौजेने जावे की नाही, आणि आपली बंदरे कोणाच्या आरमाराला कोणत्या अटींवर उघडावीत, हा प्रश्न सेनापतीचा नसून राष्ट्राचा आहे.

बंदरांचे नाव निघालेच आहे. २९ ऑगस्ट २०१६ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘लेमोआ’ या करारावर सही केली. त्यापूर्वी दशकभर हाच करार दुसऱ्या नावाने अमेरिका मागत होती. नावातला ‘मदत’ हा शब्द जाऊन ‘देवाणघेवाण’ आला आणि सही झाली. मराठीत मी त्याला ‘रसद-देवाणघेवाण करार’ म्हणते. पेंढाऱ्यांपासून पानिपतापर्यंत रसद म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. यात लष्करी तळ नाहीत असे सरकारने सांगितले. मग मजकूर संसदेच्या मान्यतेसाठी का ठेवला नाही? २०१८ साली दळणवळणाचा आणि २०२० साली भू-अवकाशीय माहितीचा करार झाला. तेही त्याच रीतीने. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी आरमाराचे जहाज चेन्नईजवळच्या काट्टुपळ्ळी गोदीत दुरुस्तीला आले, आणि २०२३ साली मुंबईच्या माझगाव गोदीशीही दुरुस्तीचा करार झाला.

मे २०२४ मध्ये स्पेनने एका जहाजाला आपल्या बंदरात येऊ दिले नाही; ते चेन्नईहून इस्रायलकडे स्फोटके घेऊन निघाले होते. ही बातमी भारतीय जनतेला स्पेनच्या परराष्ट्रमंत्र्याकडून मिळाली. इस्रायलला शस्त्रे देणे थांबवावे म्हणून काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने परराष्ट्रधोरण हा आपला प्रांत नाही असे सांगून याचिका फेटाळली. आणि १० मे २०२५ रोजी पाकिस्तानशी शस्त्रसंधी झाल्याची पहिली घोषणा दिल्लीहून नव्हे, वॉशिंग्टनहून झाली. विरोधी पक्षांनी विशेष अधिवेशन मागितले. ते बोलाविले गेले नाही. चर्चा जुलैच्या अखेरीस, नेहमीच्या पावसाळी अधिवेशनात झाली.

तेव्हा न्यायालय म्हणते आमचा प्रांत नाही, सरकार संसदेकडे जात नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाला देशद्रोही ठरविले जाते. या स्थितीत फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदर कामगारांच्या महासंघाने घेतलेला निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. अकरा मोठ्या बंदरांतील आपले सभासद इस्रायलकडे जाणारा शस्त्रास्त्रांचा माल हाताळणार नाहीत, असे त्याने जाहीर केले. त्या निवेदनात कर्ता आहे आणि क्रियापदही आहे. मुंबई, न्हावा शेवा आणि मुरगाव येथील कॉम्रेड्सनी ते आपापल्या गोदीत वाचून दाखवावे. मराठी मजकूर आम्ही पुरवू. वर सांगितलेल्या तीन करारांविषयी जेवढी माहिती प्रसिद्ध झाली आहे तिचेही टिपण शाखांसाठी तयार होत आहे. आता चर्चा सुरू करू.